भिंतीकडे तोंड करून दिलेलं व्याख्यान

मंडळाच्या स्मरणिकेत दिवाकरराव कस्तुऱ्यांवर कोणीतरी लिहावं असं ठरलं, तेव्हा मी बैठकीत शेवटच्या खुर्चीवर होतो. केशवराव म्हणाले, "वामनराव, त्या दिवशी फोन तुम्ही धरला होता. तेव्हा लिहायचंही तुम्हीच." मी म्हटलं, फोन धरणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. ते म्हणाले, दोन्हीला हातच लागतो. म्हणून लिहितो आहे. काही चुकलं तर दिवाकरराव सांगतीलच. ते अजून ठणठणीत आहेत आणि दुसऱ्याची चूक त्यांच्या नजरेतून सुटल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

दिवाकररावांचे वडील भुसावळहून बदलीवर झाशीला आले आणि इथलेच झाले. दिवाकरराव चौसष्ट साली रेल्वेत लागले, पुढे कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर झाले. मी त्याच ऑफिसात कारकून होतो. ते काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लहानशा खोलीत, भिंतीकडे तोंड करून, कानाला फोन लावून एक माणूस आठ तास बसतो. समोर मोठा चार्ट. चार्टाच्या उभ्या बाजूला स्टेशनांची नावं, आडव्या बाजूला वेळ. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी, तितकी गाडी जोरात. एकेरी लाइनीवर दोन रेघा जिथे छेदतील तिथे स्टेशन असलंच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी.

फोनच्या एकाच तारेवर पंधरा-वीस स्टेशनमास्तर ऐकत असतात. कंट्रोलर एक वाक्य बोलतो आणि थांबतो. ज्याला सांगितलं त्या मास्तराने तेच वाक्य परत म्हणून दाखवायचं. मग पुढचं वाक्य. दिवाकररावांचा या पद्धतीवर देवापेक्षा जास्त विश्वास. एखादा मास्तर घाईत नुसतं "समझ गए साब" म्हणाला की हे शांतपणे म्हणायचे, "क्या समझ गए? रिपीट करो." त्यांच्या मते "समजलं" हा रेल्वेतला सर्वांत घातक शब्द. न समजता तो उच्चारणाऱ्याला ते क्षमा करत नसत.

ही सवय घरीही आली होती. शकुंतलाबाई म्हणाल्या, "येताना कोथिंबीर आणा," की हे पिशवी उचलत म्हणणार, "येताना. कोथिंबीर. आणायची." लग्नात भटजी "म्हणा" म्हणाले तेव्हा एवढ्या तत्परतेने म्हणणारा नवरदेव त्यांना पुन्हा भेटला नाही म्हणे.

या क्षमा न करण्याचा प्रसाद आमच्यातल्याच एकाला मिळाला. यशवंतराव तेव्हा मानिकपूर बाजूच्या एका आडगावच्या स्टेशनावर मास्तर होते. शहाऐंशी सालची गोष्ट. दिवाकरराव म्हणाले, मालगाडी बाजूच्या लाइनीवर घ्या आणि मेल सरळ सोडा. यशवंतरावांच्या घरी त्या दिवशी पाहुणे आले होते. ते म्हणाले, "समझ गए, समझ गए," आणि फोन ठेवला. मग मालगाडी सरळ सोडली आणि मेल बावीस मिनिटं बाजूला उभी केली. मेलमध्ये नेमके मोठे साहेब. दिवाकररावांनी जे झालं ते जसंच्या तसं लिहून दिलं. यशवंतरावांवर ठपका आला आणि त्या आडगावात आणखी तीन वर्षं काढावी लागली. तेव्हापासून दोघे बोलत नव्हते. सिविल लाइंसच्या रस्त्यावर समोरासमोर आले की एक जण पलीकडे जाई. कोणी जायचं हेही ठरलेलं होतं: सम तारखेला हे, विषम तारखेला ते. निदान आम्ही तरी तसं म्हणायचो.

दिवाकररावांची मुलगी विद्या. हुशार. इथून शिकून पुण्याला गेली, तिथून जर्मनीला. तिकडे एका दरीत शंभर मीटर तोंडाची रेडिओ दुर्बीण आहे, त्यावर ती काम करते. विषय, फार मोठे तारे कसे जन्मतात. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन येई. आधी शकुंतलाबाई विचारायच्या, "जेवलीस का?" तिकडे तेव्हा पहाट असायची, तरी विचारायच्या. मग ती वडिलांना आठवड्याचं काम सांगायची. दिवाकरराव डोळे मिटून ऐकत आणि शेवटी म्हणत, "समजलं."

पुष्कळदा मी तिथेच चहा घेत असे. मला वाटायचं, काय माणूस आहे! आकाशातलंही कळतं याला.

दोन हजार तेरा सालच्या गणेशोत्सवात विद्याचं व्याख्यान ठरलं. मानिक चौकामागच्या गल्लीतल्या आमच्या मंडळात तिसऱ्या दिवशी व्याख्यान होतंच. केशवराव सचिव. त्यांचं घराणं दतिया गेटजवळ पेशवाईपासूनचं, आणि व्याख्यान न चुकण्याची जबाबदारीही जणू पेशव्यांनीच त्यांच्यावर टाकलेली. फळ्यावर विषय लिहून झाला आणि चार दिवस आधी विद्याचा फोन आला. पावसाने मागचं निरीक्षण वाया गेलं होतं, त्याऐवजी याच आठवड्यात दुर्बीण मिळत होती. ती सोडली तर वर्षभर मिळणार नव्हती.

"बाबा, मी लिहून पाठवते. तुम्ही वाचा," ती म्हणाली. "तुम्हाला तर सगळं माहीतच आहे. आणि व्याख्यानाच्या वेळी मी इथल्या खोलीतून फोनवर ऐकेन. कोणी प्रश्न विचारले तर सांगेन."

दिवाकरराव म्हणाले, "समजलं."

शकुंतलाबाईंनी कागद सायबर कॅफेतून छापून आणले. विद्याच्या मराठीत हिंदी डोकावते, ते "लेकिन" खोडून त्यांनी पेन्सिलने "पण" केले. आदल्या दिवशी दिवाकररावांनी मला बोलावलं. पलंगावर जुना कोरा कंट्रोल चार्ट पसरला होता आणि त्यावर त्यांनी विद्याने पाठवलेलं एक चित्र रंगीत पेन्सिलींनी मोठं करून काढलं होतं. तीन तिरकस पट्टे, तिन्ही एका ठिपक्याशी जाऊन संपलेले.

"बघा वामनराव," ते म्हणाले. "तीन मालगाड्या तीन बाजूंनी आल्या. तिन्ही एका जंक्शनात शिरल्या. बाहेर एकही निघाली नाही. यार्ड भरलं असेल की नाही? कोण होतं ड्यूटीवर?"

"अहो, तारा आहे ना तो?"

"तारा असो नाहीतर झाशी जंक्शन असो. गाडी आत आली तर गेली कुठे?"

मी चार्टाजवळ सरकलो. मग ते हळूच म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही."

"चित्रातलं?"

"पहिल्यापासून. आठ वर्षं मी तिला 'समजलं' म्हणतोय. पहिल्या रविवारी ती इतकी आनंदात होती, मला थांबवता आलं नाही. दुसऱ्या रविवारी विचारावं तर पहिलं कळलेलं नाही हे सांगावं लागलं असतं. मग राहिलंच." ते चार्टाकडे बघत होते. "उद्या ती ऐकणार आहे. कोणी एक प्रश्न विचारला की संपलं. तिला वाटतं घरात एक माणूस आहे ज्याला कळतं."

शकुंतलाबाई दारातून म्हणाल्या, "वाचून टाका. पोथी वाचणाऱ्याला तरी कुठे सगळी कळते? शेवटी प्रसाद वाटला की लोक उठतात."

पण पोथीतला साधुवाणी जर्मनीतून फोनवर ऐकत नसतो. दिवाकरराव त्या दिवशी जेवले नाहीत.

व्याख्यानाला दीडशे माणसं होती. अर्धी रेल्वेची. तिसऱ्या रांगेत यशवंतराव बसले होते. दिवाकरराव व्यासपीठावर गेले, लोकांकडे पाहिलं आणि पांढरे पडले. बत्तीस वर्षं ते माणसांशी बोलले होते, पण समोर नेहमी भिंत. ते केशवरावांच्या कानात काहीतरी म्हणाले.

"काय? खुर्ची फिरवायची?" केशवराव जोरात म्हणाले. माइक चालू होता. "मग व्याख्यान गणपतीला द्यायचंय का?"

शेवटी खुर्ची बाजूच्या भिंतीकडे फिरवली. भिंतीवर तो चार्ट लावला. लोकांना दिवाकररावांचा एक कान आणि टक्कल दिसत होतं. मी शेजारी उभा राहून मोबाइल माइकला लावून धरला. आतून यंत्रांची घरघर येत होती आणि विद्या म्हणाली, "बाबा, ऐकतेय." तिकडे दुपार होती. या दुर्बिणीला तारे बघायला रात्र लागत नाही, हे केशवरावांना तोवर पटलेलं नव्हतं.

दिवाकररावांनी वाचलं, "आपल्या सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड तारे दाट, थंड, धुळीच्या ढगात जन्मतात."

आणि थांबले.

सभा वाट बघत राहिली. ते भिंतीकडे बघत राहिले. केशवरावांना वाटलं घसा कोरडा पडला, त्यांनी पाणी पाठवलं. दिवाकरराव पाणी प्यायले आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं. पुन्हा थांबले. मला एकदम उमगलं. कोणीतरी ते वाक्य परत म्हणून दाखवील याची ते वाट बघत होते. त्याशिवाय पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "जड तारे. धुळीच्या ढगात. जन्मतात. आगे बोलिए, कंट्रोल."

यशवंतराव होते ते. बोलून झाल्यावर त्यांनाच इतकं आश्चर्य वाटलं की त्यांनी हात तोंडावर ठेवला. तीस वर्षांची सवय, कंट्रोल थांबला की जीभ आपोआप चालते. सभा हसली. दिवाकररावांनी मान फिरवली नाही, पण त्यांचा आवाज एकदम सुटला.

"ढगातला उजेड धुळीत अडतो, म्हणून हा जन्म डोळ्यांना दिसत नाही."

या वेळी दहाबारा जण म्हणाले, "उजेड अडतो. जन्म दिसत नाही."

"रेडिओ लहरी मात्र धुळीतून बाहेर येतात."

"रेडिओ बाहेर येतो!" आता सगळं सभागृह म्हणालं. बायकांच्या बाजूचा आवाज जास्त होता. आरतीच्या तालात कोणी टाळ्याही धरल्या. गल्लीतला कचोरीवाला दारात येऊन विचारून गेला, "भैयाजी, कौन सी कथा चल रही है?"

ढगातला अमोनिया वायू रेडिओ लहरी सोडतो असं आलं, तेव्हा केशवरावांनी सवयीने नाकाला रुमाल लावला. वायू आपल्यापासून लांब जात असेल तर लहर थोडी बदलते, जवळ येत असेल तर उलटी बदलते, जशी गाडीच्या शिट्टीची. हे तर रेल्वेवाल्यांनी सांगायच्या आधीच म्हणून टाकलं. मी मनात म्हटलं, निभावलं.

मग तो परिच्छेद आला. दिवाकररावांनी वाचलं, "तारा जड झाला की त्याचा स्वतःचाच उजेड येणाऱ्या वायूला बाहेर लोटू लागतो. तरीही वायू आत येत राहतो आणि तारा वाढतो."

सभागृह म्हणालं, "उजेड बाहेर लोटतो..." आणि तिथेच आवाज विस्कळीत झाला. काही म्हणाले "आत येतो," काही म्हणाले "बाहेर जातो."

यशवंतराव उभे राहिले. "कंट्रोल, ये समझ में नहीं आया. लोटतो पण आणि येतो पण?" जरा थांबले. सत्तावीस वर्षांनी संधी आली होती. "दिवाकरराव, तुम्हाला तरी समजलंय का?"

माझ्या हातातल्या फोनमधून फक्त घरघर येत होती. दिवाकररावांचा कान लाल झालेला मला दिसला. नुसतं "हो" म्हणायचं होतं. विद्याने पुढचं सांगितलं असतं, यशवंतराव बसले असते.

दिवाकररावांनी कागद गुडघ्यावर ठेवले. "विद्या, लाइनवर आहेस?"

"आहे, बाबा."

"मला समजलेलं नाही."

"हा परिच्छेद ना? तो अवघडच आहे. मी सांगते..."

"हा नाही. आठ वर्षांतलं."

घरघर. मग विद्या म्हणाली, "मतलब? दर रविवारी तुम्ही..."

"म्हणत होतो. समजत नव्हतं."

"आठ वर्षं? बाबा, मग मी कोणाला सांगत होते?"

"मला!" शकुंतलाबाई बायकांच्या रांगेतून उठून ओरडल्या. "मी म्हणायचे मला कळत नाही, तर तू म्हणायचीस, असू दे आई, बाबांना कळतंय! आता घ्या!"

हसता हसता लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. फोनमधूनही हसू येत होतं. अधूनमधून नाक ओढल्याचा आवाज येत होता, पण ते मी कोणाला सांगितलं नाही. एकटे यशवंतराव हसले नाहीत. ते म्हणाले, "रिपीट करो, कंट्रोल."

"मला समजलं नव्हतं आणि मी समजलं म्हटलं," दिवाकरराव भिंतीला म्हणाले.

"ठीक," म्हणून यशवंतराव खाली बसले.

"मग पुन्हा सांगू, बाबा?" विद्याने विचारलं.

"सांग. एकेक वाक्य. मी परत म्हणेन. नाही म्हणता आलं तर तू पुढे जायचं नाहीस."

आणि खरं व्याख्यान तिथून सुरू झालं. ते पट्टे म्हणजे वायूच्या लांब लांब दोऱ्या, आणि जिथे त्या मिळतात तिथे मोठा तारा तयार होतो, असं तिने सांगितलं. वायू एका बाजूने चपट्या चकतीतून आत शिरत असेल आणि उजेड दुसऱ्या बाजूने निसटत असेल, असं समजतात, म्हणून दोन्ही जमतं. दिवाकरराव म्हणत गेले, सभागृह म्हणत गेलं. मग त्यांनी चार्टावर बोट ठेवलं.

"या रेघेला स्टेशनातून सुटून जंक्शनाला पोचायला किती वेळ? चार्टावर मला तीन तास दिसतात."

"बाबा, ती वेळ नाहीच. आडवं आहे ते अंतर, उभा आहे तो वेग."

"वेळ नाही? चार्टावर वेळच नाही?" असा धक्का त्यांना मेल अडकली तेव्हाही बसला नव्हता. "मग गाडी चालते कुठे?"

"चालताना दिसत नाही. एका गाडीला लाखो वर्षं लागतात. हा एका क्षणाचा फोटो समजा."

दिवाकरराव खूप वेळ चार्टाकडे बघत राहिले. केशवरावांनी प्रसादाच्या परातीकडे बघितलं.

"एका क्षणाचा फोटो," ते म्हणाले. "म्हणजे बघ. मी रुळाशेजारी उभा आहे. शिट्टीवरून मला इतकंच कळतं की गाडी माझ्यापासून लांब चालली आहे. बरोबर?"

"बरोबर."

"पण ती जंक्शनाकडे चालली आहे की जंक्शनातून सुटली आहे, हे कसं कळणार? मी जंक्शनाच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते आधी माहीत पाहिजे. तू लिहिलंस, वायू आत येतोय. कशावरून? बाहेर जात असेल."

फोन गप्प झाला. मला वाटलं लाइन तुटली. मी तो हलवून पाहिला.

"बाबा," विद्या म्हणाली, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? गाडीच्या दिशेची खात्री न करता कोणी रेघ ओढतं का?"

"माझ्या लेखावर तपासणाऱ्यांनी हाच प्रश्न काढलाय. दोरीचं कुठलं टोक आपल्याकडे आहे ते सिद्ध करा, म्हणून. या आठवड्यात मी तेच शोधायला बसलेय. म्हणून तर येता आलं नाही."

"सापडलं?"

"अजून नाही."

"मग 'आत येतोय' असं लिहू नकोस. 'बहुतेक' लिही."

"बहुतेक लिहायचं," विद्या म्हणाली. "रिपीट केलं, बाबा."

केशवरावांनी आभार मानायला माइक घेतला, पण लोक चार्टाभोवती जमले होते. यशवंतराव तिथे दिवाकररावांना सांगत होते की त्यांच्या स्टेशनातली ती मेल खरं म्हणजे बावीस नाही, एकोणीस मिनिटं उभी होती. दिवाकरराव म्हणाले बावीस. तो वाद ते आजही घालतात, सम आणि विषम दोन्ही तारखांना.

पुढच्या रविवारी दहाला मी चहाला गेलो होतो. दिवाकररावांसमोर नवी वही आणि टोक केलेली पेन्सिल. फोन आला. त्यांनी कानाला लावला, दोन क्षण ऐकलं आणि ठामपणे म्हणाले, "थांब. समजलं नाही."

पलीकडून विद्याचा आवाज मलाही ऐकू आला. "बाबा, मी अजून फक्त नमस्कार म्हटलंय."

"मग तसं स्पष्ट बोल," ते म्हणाले आणि वहीत तारीख घातली. शकुंतलाबाईंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "माझ्याकडेही धरा जरा," त्या म्हणाल्या, "आणि पहिल्यापासून सांग गं. यांचं खरं नाही."